२८ वेळा राज्यात पहिली, तरी बंद: जर्सी सिटीची सेंट अँथनी शाळा

हडसनपलीकडची (धागाकर्ती)

इंडिया स्क्वेअरला डाळी-पिठं भरायला न्यू जर्सीतले आपण सगळेच कधी ना कधी गेलोय. तोच नेवार्क अव्हेन्यू डाऊनटाऊनच्या दिशेनं धरला की व्हाइट ईगल हॉल लागतो. हल्ली तिथे बँडचे कार्यक्रम होतात. हॉल जुना, १९१० चा, पोलिश वस्तीतला. पूर्वी तिथे बिंगो चालायचा. त्याच जमिनीवर जी पोरं बास्केटबॉलचा सराव करायची, त्यांचा संघ १९८९ साली अख्ख्या अमेरिकेतल्या शाळांमध्ये पहिला आला. शाळेला स्वतःचं जिम नव्हतं, म्हणून ही उसनवारी.

ती शाळा म्हणजे सेंट अँथनी हायस्कूल. ५ एप्रिल २०१७ ला नेवार्कच्या महाधर्मप्रांतानं (आर्चडायोसिस) ती बंद होणार असं जाहीर केलं आणि जूनमध्ये ती बंद झाली. व्हाइट ईगल हॉल डागडुजी होऊन गाण्याबजावण्यासाठी उघडला, तोही २०१७ मध्येच.

मागे इथे एका धाग्यावर 'अमेरिकेत चर्चच्या शाळांकडे बक्कळ पैसा असतो' असं कुणीतरी ठोकून दिलं होतं. त्यावर प्रतिसाद लिहायला बसले, तो लांबत गेला, म्हणून वेगळा धागा.

थोडं मागे जावं लागेल. एकोणिसाव्या शतकात आयरिश कॅथलिक इथे लोंढ्यानं आले, तेव्हा सरकारी शाळांत प्रॉटेस्टंट वळणाचं बायबल वाचलं जायचं. त्यावरून १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली झाल्या, चर्च जाळली गेली. शेवटी १८८४ मध्ये बाल्टिमोरला बिशपांची परिषद भरली आणि ठराव झाला की प्रत्येक पॅरिशनं (एका चर्चभोवतीची वस्ती) दोन वर्षांत आपली शाळा काढायची. त्यातून शाळांचं जे जाळं उभं राहिलं, त्याला सरकारचा पैसा नव्हता. जर्सी सिटीसारख्या गोदीच्या गावात तर आयरिशांचं चर्च वेगळं, इटालियनांचं वेगळं, पोलिशांचं वेगळं, आणि प्रत्येकाची शाळाही वेगळी. सेंट अँथनी ऑफ पादुआ हे पोलिश चर्च. त्याच्या छत्राखाली १९५२ मध्ये हे हायस्कूल निघालं. चालवायला फेलिशियन सिस्टर, म्हणजे नन. हा धर्मसंघ मूळचा वॉर्सॉचा, १८५५ मध्ये स्थापन झालेला, आणि १८७४ मध्ये पोलिश स्थलांतरितांच्या मुलांना शिकवायला अमेरिकेत आलेला.

या सगळ्या शाळांचा ताळेबंद सिस्टरांमुळे जमायचा. त्यांना मिळायचं ते मानधन नावापुरतं, तेही त्यांच्या संघाकडे जायचं. १९६५ च्या आसपास अमेरिकेत १,८०,००० सिस्टर होत्या. २०१७ पर्यंत त्या ४६,००० च्या घरात आल्या, आणि त्यातल्या बऱ्याच निवृत्तीच्या वयाच्या. गेलेल्या प्रत्येक सिस्टरच्या जागी पगार, आरोग्यविमा, पेन्शन असलेला शिक्षक आणावा लागला. फी वाढली. ज्यांना ती परवडली असती ती घरं तोवर उपनगरांत निघून गेली होती. साठच्या दशकात देशभरात जवळजवळ १३,००० कॅथलिक शाळांत ५२ लाख मुलं होती. २०१७ मध्ये साधारण ६,४०० शाळा आणि १९ लाख मुलं.

सेंट अँथनीत पोलिश मुलं कमी होत गेली आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो मुलं येत गेली. त्यातली कितीतरी कॅथलिकही नव्हती. घरची परिस्थिती बेताची. फी ठेवली होती ती खऱ्या खर्चाच्या मानानं बरीच कमी, आणि मधली तूट दरवर्षी देणग्यांनी भरायची. महाधर्मप्रांताचं छत्र होतं, पण पैसे शाळेनं उभे करायचे. त्यातही बारावीच्या प्रत्येक मुलाला कॉलेजात प्रवेश मिळालाच पाहिजे हा हट्ट शाळेनं वर्षानुवर्षं निभावला.

आणि इथे येतात बॉब हर्ली. जर्सी सिटीतच जन्मलेले, नोकरी हडसन काउंटीत प्रोबेशन ऑफिसरची. म्हणजे दिवसभर कोर्टातून सुटलेल्या पोरांवर लक्ष ठेवायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या पोरांना त्या वाटेला जाऊ द्यायचं नाही. १९७२ पासून शाळा बंद होईपर्यंत ते मुख्य प्रशिक्षक होते. २८ वेळा राज्य अजिंक्यपद, ११०० च्या वर विजय, चार वेळा देशात पहिला क्रमांक. २०१० मध्ये बास्केटबॉलच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये गेले. शाळेच्या पातळीवरच्या प्रशिक्षकाला हा मान क्वचित मिळतो. कॉलेजांची बोलावणी आली, गेले नाहीत. पुढे शाळेच्या पैशासाठी गोल्फच्या स्पर्धा, जेवणाचे कार्यक्रम, दात्यांकडे खेटे, हेही त्यांच्याच गळ्यात पडलं.

२०१६ मध्ये संघ एकही सामना न हरता राज्यात पहिला आला. पुढच्या वर्षी शाळा नव्हती.

बंद का पडली, याचं एका ओळीतलं उत्तर 'पटसंख्या आणि कर्ज' असं सगळे देतात. बरोबरच आहे ते, पण पट का घसरला? माझ्या मते तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या. पहिली म्हणजे चार्टर शाळा, सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभारानं चालणाऱ्या. न्यू जर्सीत १९९५ मध्ये त्यांचा कायदा झाला. गणवेश, शिस्त, लहान वर्ग, सगळं कॅथलिक शाळेसारखं आणि फी शून्य. दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. गरीब जिल्ह्यांतल्या शाळांच्या निधीवरून चाललेल्या 'ॲबट' खटल्यांच्या निकालांनंतर जर्सी सिटीसारख्या गरीब जिल्ह्यांत तीन-चार वर्षांच्या मुलांना पूर्ण दिवसाची बालवाडी फुकट मिळू लागली. कॅथलिक प्राथमिक शाळांना मुलं बालवाडीतूनच मिळायची. ती वाट आटली, प्राथमिक शाळा मिटत गेल्या, आणि मग हायस्कूलकडे येणारा ओघच थांबला. तिसरं म्हणजे डाऊनटाऊन बदललं. नदीकाठी टॉवर आले, २००४ मध्ये गोल्डमन सॅक्सची इमारत उभी राहिली, भाडी कुठल्या कुठे गेली. ज्या गल्ल्यांतून ही मुलं यायची तिथे आता आपल्यासारखे लोक राहतात. हो, आपल्यासारखेच. पाथ ट्रेननं नदीपलीकडे न्यूयॉर्कला नोकरीला जाणारे.

थांबते. बास्केटबॉलवाल्यांनी भर घालावी.

---

विदर्भी_पॉइंटगार्ड

घातलीच पाहिजे! ताई, १९८९ च्या संघाची नावं न लिहिता पुढे कशा गेलात? बॉबी हर्ली (प्रशिक्षकांचा मुलगा), टेरी डेहेअर, जेरी वॉकर. ३२ सामने, ३२ विजय. बॉबी पुढे ड्यूक विद्यापीठाकडून १९९१ आणि १९९२ ला राष्ट्रीय विजेता. १९९३ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तो) बॉबी सातवा आणि डेहेअर तेरावा. एकाच छोट्या शाळेच्या एकाच संघातले दोघं पहिल्या फेरीत, विचार करा. त्यांच्या आधी डेव्हिड रिव्हर्स, नंतर रॉड्रिक ऱ्होड्स, अलीकडचा काइल अँडरसन. धाकटा डॅन हर्ली तर सगळ्यांना माहीत आहे, यूकॉनला (कनेक्टिकट विद्यापीठ) २०२३ आणि २०२४ असं लागोपाठ विजेतेपद मिळवून देणारा. तोही याच शाळेचा विद्यार्थी.

आम्ही नागपूरला सिमेंटच्या कोर्टवर खेळायचो तेव्हा वाटायचं, अमेरिकेत सगळ्यांना लाकडी कोर्ट असणार. या पठ्ठ्यांना बिंगो हॉल!

एक शंका. एवढे एनबीएवाले निघाले, त्यांनी शाळा वाचवली का नाही?

---

आडवा_प्रश्न

लेख चांगला आहे, पण थोडा भावुक वाटला. राग मानू नका.

एक, संघात असणार पंधरा मुलं. बाकीच्या मुलामुलींचं काय? शाळेत मुलीही होत्या, त्या लेखात कुठेच नाहीत. दोन, एवढ्या कमी मुलांत हायस्कूल चालवायचं म्हणजे रसायनशास्त्राला एक शिक्षक, तोच पदार्थविज्ञानाला. चार्टर शाळेत तेच फुकट आणि जास्त सोयींनी मिळत असेल तर पालकांनी ते का घेऊ नये? तीन, याच डाऊनटाऊनमध्ये जेझुइटांची सेंट पीटर्स प्रेप १८७२ पासून ठणठणीत चालू आहे. म्हणजे 'कॅथलिक शाळा' बुडाल्या असं सरसकट म्हणता येत नाही. गरिबांच्या बुडाल्या, श्रीमंतांच्या तगल्या.

---

हडसनपलीकडची

@विदर्भी_पॉइंटगार्ड, देणग्या आल्या नाहीत असं नाही, त्यावरच तर शाळा इतकी वर्षं निघाली. पण एक मोठा चेक म्हणजे एका वर्षाची सुटका. पुढच्या सप्टेंबरात तूट पुन्हा तेवढीच. यातून सुटायचं तर मोठा कायमनिधी हवा, ज्याच्या व्याजावर तूट भागेल. तो शाळेकडे नव्हता. आणि एनबीएत जाऊन तगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे माजी विद्यार्थी पोलीस, शिक्षक, बसचालक, फायरमन. ते पन्नास-शंभर डॉलर देतात, देत होते.

@आडवा_प्रश्न, तुमचा तिसरा मुद्दा मी शंभर टक्के मान्य करते, किंबहुना माझा मुद्दा तोच आहे. प्रेपकडे दीडशे वर्षांचे वकील-डॉक्टर-बँकर माजी विद्यार्थी आहेत. सेंट अँथनीनं गरिबांची मुलं घेतली म्हणून माजी विद्यार्थ्यांची फळी तशी उभी राहिली नाही. पहिल्या मुद्द्यावर मात्र नाही. संघाचं नाव होतं म्हणून दाते यायचे आणि त्या पैशावर बाकीची मुलंमुली शिकायची. बास्केटबॉल हा शाळेचा जाहिरात विभाग होता म्हणा.

---

बंगलीनाका

वसईहून नमस्कार. मी कॅथलिक आहे, शिक्षण सिस्टरांच्या शाळेत, त्यामुळे या धाग्यावर बोलण्याचा थोडा हक्क सांगतो.

आपल्याकडे सगळ्याच शाळांना 'कॉन्व्हेंट' म्हणून मोकळं होतात. मालकी कोणाची हे पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. काही शाळा पॅरिशच्या, म्हणजे फादर मॅनेजर. काही धर्मप्रांताच्या. काही जेझुइट, सलेशियन, सिस्टरांचे वेगवेगळे संघ यांच्या स्वतःच्या. आणि अमेरिका-इंग्लंडात चौथा प्रकार बराच आढळतो: सर्वसामान्य लोकांचं विश्वस्त मंडळ शाळा चालवतं, बिशपांची फक्त मान्यता असते. यांना तिकडे स्वतंत्र कॅथलिक शाळा म्हणतात. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात कलम ८०३ आहे: धर्माधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कोणत्याही शाळेनं स्वतःला कॅथलिक म्हणवून घ्यायचं नाही. त्यामुळे बिशपांनी हात काढला तर शाळेची इमारत, शिक्षक, मुलं सगळं तसंच राहू शकतं, पण पाटी बदलावी लागते.

सिस्टरांच्या पगाराचं ताईंनी लिहिलं ते अगदी खरं. आमच्या घरातून दोन आत्या सिस्टरांच्या संघात गेल्या. त्या पिढीत प्रत्येक दुसऱ्या घरातून कुणीतरी जायचं. आता वसईतही घरात एक-दोन मुलं, कोण कशाला पाठवेल. गोव्यात, मंगळुरात तेच ऐकतो. आपल्याकडच्या संघांना अजून झारखंड, छत्तीसगड, ईशान्य भारतातून मुली मिळतात म्हणून गाडी चालू आहे.

---

विदर्भी_पॉइंटगार्ड

पाटीवरून आठवलं! सेंट पॅट्रिक. एलिझाबेथ गावातली, कायरी अर्व्हिंगची शाळा. मार्च २०११ मध्ये सेंट अँथनी विरुद्ध सेंट पॅट्रिक सामना झाला रटगर्सच्या मैदानावर. देशातल्या क्रमवारीतले पहिले दोन संघ आणि दोघंही अपराजित. सेंट पॅट्रिककडे मायकेल किड-गिलख्रिस्ट होता, तरी सेंट अँथनीनं सामना आरामात घेतला. कागदावर मात्र दोन चिमुकल्या, कर्जबाजारी शाळा.

पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, महाधर्मप्रांतानं सेंट पॅट्रिक बंद केली. पण तिथल्या लोकांनी हार मानली नाही. त्यांनी स्वतंत्र शाळा नोंदवली, नाव 'द पॅट्रिक स्कूल'. नावातला 'सेंट' गेला, बाकी बरंच राहिलं. आता हिलसाइडला आहे, बास्केटबॉलही जोरात. सेंट अँथनीला हा मार्ग का नाही सुचला?

---

हडसनपलीकडची

सुचला नसेल असं नाही. पण डाऊनटाऊन जर्सी सिटीतल्या जागेच्या भाड्याचं काय करणार? स्वतंत्र झालं की छत्र जातं आणि देणी मात्र बरोबर येतात. पॅट्रिकवाल्यांनी धाडस केलं याबद्दल मान आहेच. एक लक्षात घ्या, हर्ली त्या वेळी सत्तरीला टेकले होते. पाच दशकं एका माणसानं ओढलेल्या शाळेचा हाही एक धोका असतो, की त्याच्यानंतर दात्यांच्या दारात कोण उभं राहणार हे ठरलेलं नसतं. भावुक म्हणालात ना, घ्या, ही माझी टीका.

---

कोल्हापूरचे_मास्तर

वाचून गंमत वाटली. तिकडची दुखणी ऐकताना आपली व्यवस्था किती निराळी आहे हे कळतं.

मी अनुदानित हायस्कुलात तीस वर्षं काढली. आपल्याकडे मिशनची शाळा असो, रयतची असो की एखाद्या गल्लीतल्या संस्थेची, अनुदानित तुकडी असली की शिक्षकाचा पगार सरकार देतं. संस्थेनं इमारत सांभाळायची, वेतनेतर अनुदानासाठी फायली फिरवायच्या आणि संचमान्यतेत पद जाऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसायचं. पट घसरला की पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं दुसरीकडे समायोजन होतं. शाळा एका रात्रीत मरत नाही. एकेक तुकडी गळत जाते. पुढे 'कायम विनाअनुदानित' आलं, मग २० टक्के, ४० टक्के असे टप्पे आले आणि त्या शिक्षकांचे हाल कुत्रा खाईना, तो वेगळा विषय. पण मूळ व्यवस्थेत धर्मादाय संस्थेची शाळा सरकारी पगारावर चालणं आपल्याला वावगं वाटत नाही. राज्यघटनेचं कलम ३० तर सांगतंच, की अनुदान देताना अल्पसंख्याकांची संस्था आहे म्हणून भेदभाव करायचा नाही.

मग अमेरिकेत सरकार काहीच का देत नाही? पाठ्यपुस्तकंही नाहीत?

---

एडिसनकर

मास्तर, हे माझं कुरण आहे, चरून घेतो.

काहीच देत नाही असं नाही. आणि यातला सगळ्यात गाजलेला खटला न्यू जर्सीचाच आहे: एव्हरसन, १९४७. ट्रेंटनजवळच्या युइंग टाऊनशिपनं कॅथलिक शाळांत जाणाऱ्या मुलांच्या पालकांना बसभाडं परत दिलं. एका करदात्यानं आक्षेप घेतला. सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार असा निकाल दिला: धर्म आणि शासन यांच्यात भिंत हवी, पण बसभाडं हे मुलाच्या सुरक्षिततेसाठी आहे, ते चालेल. भिंतीची सगळी भाषा वापरून शेवटी पैसे मंजूर, असा तो मजेशीर निकाल.

पुस्तकांचं १९६८ मध्ये झालं, न्यूयॉर्कच्या ॲलन खटल्यात. धर्मेतर विषयांची पुस्तकं उसनी द्यायला हरकत नाही. पण १९७१ मध्ये लेमन खटल्यात शिक्षकांच्या पगाराला हात लावायला मनाई झाली. पेनसिल्व्हेनिया आणि ऱ्होड आयलंड सरकारं कॅथलिक शाळांतल्या शिक्षकांच्या पगाराचा भार थोडा उचलत होती, ते न्यायालयानं घटनाबाह्य ठरवलं. तारीख पाहा. सिस्टर भराभर कमी होत होत्या, पगारी शिक्षक येत होते, आणि नेमकी त्याच वेळी सरकारी पगाराची वाट बंद झाली. ताईंनी तीन कारणं दिली, मी हे चौथं, आणि माझ्या लेखी पहिल्या क्रमांकाचं.

नंतर २००२ मध्ये क्लीव्हलंडच्या खटल्यात व्हाउचर (खाजगी शाळेच्या फीसाठी पालकाला सरकारी पैसा) चालतील असं ठरलं, म्हणजे पैसा पालकाच्या हातून गेला तर. ओहायो, फ्लोरिडा, इंडियानात त्यावर कॅथलिक शाळा तगल्या आहेत. न्यू जर्सीत ख्रिस क्रिस्टी गव्हर्नर असताना तसं विधेयक फिरत होतं, मंजूर काही झालं नाही.

---

आडवा_प्रश्न

एडिसनकरांचा प्रतिसाद उत्तम. पण व्हाउचर म्हणजे सरकारी शाळेचा पैसा खाजगीकडे. जर्सी सिटीच्या सरकारी शाळांची अवस्था काय होती ते आठवा. १९८९ मध्ये राज्यानं अख्खा जिल्हाच ताब्यात घेतला होता, देशात पहिल्यांदाच. तिथून आणखी पैसे काढायचे?

---

एडिसनकर

त्यावर वेगळा धागा काढा, मी पॉपकॉर्न घेऊन येतो. इथे एवढंच: १९८९ मध्ये गावातल्या सरकारी शाळा इतक्या बिघडल्या होत्या की राज्याला ताबा घ्यावा लागला, आणि त्याच वर्षी गावातली एक शाळा उसन्या हॉलमध्ये सराव करून देशात पहिली आली. पालक तेव्हा सेंट अँथनीची फी का भरत होते, हे त्यावरून कळतं. पुढे सरकारी आणि चार्टर शाळा सुधारल्या तशी ती गरज कमी झाली. म्हणजे शाळा बंद पडण्याचं एक कारण चांगलंही आहे.

---

सातवीची_आई

मी जर्सी सिटीतच राहते, हाइट्समध्ये. हा सगळा इतिहास ठाऊक नव्हता. हर्लींचं नाव फक्त यूकॉनमुळे माहीत.

माझा प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. मुलीला नववीसाठी मुलींच्या कॅथलिक शाळेत घालायचं मनात होतं. सेंट डॉमिनिक ॲकॅडमी २०२४ मध्ये बंद झाली, १८७८ पासूनची होती ती. त्याआधी बेयॉनची होली फॅमिली २०१३ मध्ये आणि मॅरिस्ट २०२० मध्ये. आमच्या ओळखीच्या एका घरावर हे आलंय: मुलगा अकरावीत आणि वसंतात पत्र आलं की जूनमध्ये शाळा बंद. (शाळेचं नाव लिहीत नाही.) बारावीचं वर्ष, शिफारसपत्रं देणारे शिक्षक पांगलेले, नवीन शाळेत श्रेयांकांची जुळवाजुळव. मुलगा सावरला, आईचा रक्तदाब मात्र कायमचा वाढला.

प्रवेश घेण्याआधी शाळा तगेल की नाही हे कसं ओळखायचं?

---

बंगलीनाका

ताई, आधी विचारा मालक कोण. पॅरिश, महाधर्मप्रांत, धर्मसंघ की विश्वस्त मंडळ. धर्मसंघाची शाळा असेल तर त्या संघात साठीच्या आतल्या सिस्टर किती आहेत ते चौकशी केल्यास कळतं. सेंट डॉमिनिक ही कॉल्डवेलच्या डॉमिनिकन सिस्टरांच्या परंपरेतली, महाधर्मप्रांताची नव्हे. म्हणजे स्वतंत्र असणं हे कवच नाही. त्यात तोटा एकट्यानं सोसावा लागतो.

---

एडिसनकर

नववीचा पट गेल्या चार-पाच वर्षांत कसा आहे ते विचारा. एकूण आकडा फसवतो, कारण वरचे मोठे वर्ग बाहेर पडेपर्यंत तो बरा दिसतो. शाळा ना-नफा संस्था म्हणून स्वतंत्र नोंदलेली असेल तर तिचं वार्षिक विवरण, फॉर्म ९९०, जाहीर असतं आणि फुकट वाचता येतं. त्यात तूट दिसते. चर्चच्या थेट अखत्यारीतल्या शाळांना हे विवरण भरण्यातून सूट असते, तिथे मात्र तोंडीच विचारावं लागेल. आणि मुलं कुठल्या प्राथमिक शाळांतून येतात ती यादी मागा. त्यातल्या दोन-तीन मिटल्या असतील तर समजून जा.

---

कोल्हापूरचे_मास्तर

शिक्षक किती वर्षं टिकलेत हेही पाहावं. पगार रखडायला लागला की आधी विज्ञान-गणिताचे शिक्षक जातात. हे दोन्ही देशांत सारखंच असणार.

---

विदर्भी_पॉइंटगार्ड

धाग्याचं वळण पाहून मजा आली, बास्केटबॉलवरून फॉर्म ९९० वर! व्हाइट ईगल हॉलला एकदा जायचंय. आत शाळेची काही खूण ठेवली आहे का, कुणी गेलंय?

---

सातवीची_आई

धन्यवाद सगळ्यांना. हॉलमध्ये मी गेलेय, एका बँडच्या कार्यक्रमाला, पण अंधारात भिंती कुठे पाहणार. पुढच्या वेळी बघून सांगते. आणि मास्तर, शिक्षकांचं तुम्ही सांगितलंत ते शाळेच्या खुल्या दिवशी नक्की विचारणार आहे. @एडिसनकर, फॉर्म ९९० वाचायला मदत लागली तर विपू (विचारपूस) करते.